सहा तावदानांचं पत्र

ता. ३ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार नेहमीपेक्षा जास्त वाकून केला आहे, कारण पुढे कबुलीजबाब आहे.

आधी चांगली बातमी. वाचनालयात रुजू होऊन आज आठ दिवस झाले. मला खुर्ची मिळाली, टेबल मिळालं आणि चार हजार पुस्तकं मिळाली, ज्यांची यादी कित्येक वर्षांत कुणी केलेली नाही. शिपाईमामा वयाने तुमच्याएवढे आणि आवाजाने दुप्पट आहेत. मला ‘मॅडम’ म्हणतात, पण कशाला हात लावू देत नाहीत.

आता दुसरी बातमी. वाचायच्या खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. खरा उजेड येतो बागेकडच्या फ्रेंच दारातून. उंच दार, दोन पाखं, दर पाखाला बारा तावदानं. पण ते कायमचं बंद, तळाशी पाचर ठोकलेली. पुस्तकांना काय आणि माणसांना काय, हवा हवीच असं माझं ठाम मत. मी पाचर उपटली, दोन्ही पाखं सताड उघडली आणि बागेत उभी राहून मामांना मोकळ्या हवेचं महत्त्व सांगू लागले. तेवढ्यात तीच मोकळी हवा जोरात आली. उजवं पाख धाडकन आपटलं आणि सहा तावदानं खळकन खाली आली. कुणाला लागलं नाही. मामा एवढंच म्हणाले की पाचर काही शोभेसाठी नव्हती.

अध्यक्षबाई पाहून गेल्या. त्या वाईट नाहीत, पण कटकट त्यांना नको असते. २७ तारखेला वार्षिक सभा आहे. तोवर दार नीट झालं तर ठीक, नाहीतर त्याच दिवशी सुतार बोलावून दोन्ही पाखांवर कायमच्या फळ्या मारू, असं त्यांनी सांगितलं. इथले म्हातारे वाचक त्या दाराजवळच्या बाकासाठी भांडतात, कारण दिव्याखाली त्यांना अक्षर लागत नाही. फळ्या पडल्या तर ते यायचेच थांबतील आणि ते माझ्यामुळे होईल. म्हणून मी बाईंना शब्द देऊन बसले आहे. मी काच कापणाऱ्याची मुलगी आहे, हेही सांगून टाकलं.

तुम्ही कापून द्याल ना?

आत्याला सांगा, मी वेळेवर जेवते. लोभ आहेच, राग आला असेल तर तोही याच पत्त्यावर पाठवा.

तुमची,
बॅरिस्टर


ता. ८ फेब्रुवारी

चि. बॅरिस्टर हिस,
अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

पत्र पोचलं. घराण्यात पहिली पदवी तू आणलीस, म्हणून तर तुला बॅरिस्टर म्हणतो. पहिल्या आठ दिवसांत सहा तावदानं फोडण्याचा मानही तुझाच. माझ्या हातून सुरुवातीच्या महिन्यात चारच फुटली होती.

इथून काच पाठवण्यात अर्थ नाही. वाटेत भुगा होईल. तुझ्या जवळच्या मोठ्या गावात काचेचं दुकान असेलच, तिथून कापून घे. नीट वाच, दोनच गोष्टी सांगतो. प्रत्येक चौकोन वेगळा मोज. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. आणि काच चौकोनापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लहान घे. लाकूड फुगतं, काच फुगत नाही.

खाचेत काच धरून ठेवणारी जुनी लांबी खरवडून काढ. हातमोजे घाल. आत्या म्हणते, आधी हातमोजे आणि मग बाकीचं लिही. आता लिहून झालं.

माझं बरं आहे. सध्या फ्रेमा जोडायचं काम बरंच आहे.

जशी आहेस तशी राहा, फक्त दारं हळू उघडत जा.

तुझे,
अण्णा


ता. १५ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि. यावेळी तोंड दाखवायला जागा नाही म्हणून नमस्कार पाठमोराच समजावा.

तुम्ही ‘प्रत्येक म्हणजे प्रत्येक’ लिहिलं होतं. मी वाचलंही होतं. पण माझ्या पदवीने वेगळाच विचार केला. दार एक, सुतार एक, चौकोनही दिसायला अगदी जुळे. मग सहा वेळा कशाला मोजायचं? मी एकच मोजला, अगदी रेघेवर रेघ ठेवून, आणि दुकानदाराला सांगितलं की अशा सहा द्या. काल काचा आल्या. दोन चौकोनांत त्या शिरेनात, दोहोंतून सरळ पलीकडे जाऊ लागल्या आणि एकात तिरकी अडकली. ज्याचं माप घेतलं होतं त्यातही काच जाईना, कारण एक सूत वजा करायचं राहून गेलं. मामा बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी विचारलं, की मॅडमच्या परीक्षेत मोजमाप हा विषय नव्हता का.

ते ती उपटलेली पाचर हातात घेऊनच फिरतात हल्ली.

अण्णा, आता बाराच दिवस उरले. सुताराला निरोप गेला आहे. पुन्हा विचारते, कारण मागच्या पत्रात तुम्ही त्याचं उत्तर दिलं नव्हतं. तुम्ही कापून द्याल का? भुग्याचं कारण मला पटलेलं नाही. तुम्ही देवळाएवढाले आरसे बैलगाडीतून पोचवल्याच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले.

लोभ कमी झाला असल्यास समजू शकते, पण अगदी संपवू नये.

तुमची,
(बॅरिस्टर ही पदवी तूर्त परत करत आहे)


ता. १७ फेब्रुवारी

चि. बॅरिस्टर हिस,
आशीर्वाद. पदवी परत घेतली जात नाही, ठेव.

कुठल्याही दाराचे दोन चौकोन सारखे नसतात. सुतार सकाळी वेगळा असतो, दुपारी वेगळा. मग दारावर ऊन पडतं, पाऊस पडतो, दार आपल्या मनासारखं वाकतं. आता फूटपट्टी ठेवून दे. जाड कागद घे, चौकोनावर धर, खाचेत नखाने दाबत कड उमटव आणि त्या कडेवर काप. सहा चौकोनांचे सहा कागद, नंबर घालून पाठव. त्यातलं एक सूत इथे वजा होईल.

पलीकडच्या गल्लीत एक जण काच कापतो. त्याच्याकडून करून घेतो.

आशीर्वाद वर लिहिलेच आहेत, तेच खालीही धर.

अण्णा

(याच पाकिटात घडी घातलेली चिठ्ठी)

पोरी, अण्णा पोस्टाचं तिकीट आणायला गेला आहे तेवढ्यात लिहिते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते तुला माहीत आहे. त्यापुढचं माहीत नाही. पट्टी सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात याने तीन काचा वाकड्या कापल्या. झालं. काच कापायची हिरकणी डबीत ठेवली आणि डबी कपाटात, तुझ्या पदवीच्या गुंडाळीशेजारी. चार महिने झाले, दोघी तिथेच आहेत. डॉक्टर म्हणतात डोळा उत्तम आहे. याचं म्हणणं, डोळा बरा असेल पण हात घाबरतो. म्हणून तुझ्या पदवीचीही फ्रेम झाली नाही. मी रोज टोचते, हा रोज ‘उद्या’ म्हणतो. पलीकडच्या गल्लीतल्याने कापलेली काच उंदराने कुरतडल्यासारखी दिसते, तेव्हा त्याच्यावर विसंबू नकोस. मी लिहिलं हे कळू देऊ नकोस, आणि कागद लवकर पाठव.

आत्या


ता. १९ फेब्रुवारी

(कागद क्र. १)
ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि. हा पहिला चौकोन, अगदी वरचा. तुम्ही सांगितलंत तसं नखाने कड उमटवली. कोरा कागद पाठवणं बरं वाटेना, म्हणून पत्रच यांवर लिहिते आहे. अक्षर मोठं काढलं आहे, कारण कागद भरलेला दिसायला हवा.

(क्र. २)
हा मी दोनदा कापला. आधीचा कागद शिपाईमामांनी नापास केला. त्यांना आता या कामात गोडी लागली आहे. स्टुलावर मला चढू देत नाहीत, स्वतः चढतात आणि वरून सूचना देतात.

(क्र. ३)
तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. सहा कागद एकावर एक ठेवले तर एकाची कड दुसऱ्याशी जुळत नाही. दाराकडे रोज पाहत होते, आणि पाहिलं मात्र काहीच नव्हतं.

(क्र. ४)
या कागदावरच्या ओळी तिरक्या दिसतील. माझा दोष नाही, चौकोनच तिरका आहे. वरची कड उजवीकडे उतरते.

(क्र. ५)
आज बाकावरच्या एका आजोबांनी फुटलेल्या चौकोनातून हात बाहेर काढून ऊन लागतं का पाहिलं. मग मला विचारलं, की दार राहणार की जाणार. राहणार असं मी सांगितलं.

(क्र. ६)
अण्णा, कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘व्यापार’ लिहीत आले. तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुमच्याबरोबर कधी काच धरायला उभी राहिले नाही, हात कापतील म्हणून तुम्हीच अभ्यासाला पिटाळायचात, आणि मी खुशाल पळायचे. परवा इथल्या नोकरीचा भरायचा राहिलेला फॉर्म भरला. त्यात लिहिलं: काच कापतात. पलीकडच्या गल्लीतल्याची काच मला नको आहे. तुमची वाकडी आली तरी बसवीन. दारही कुठे सरळ आहे? कागद संपला, लोभ नाही. तुमची.


ता. २२ फेब्रुवारी

चि. पोरीस,
आत्याचे आशीर्वाद आणि एक खबर, जिच्यासाठी तू मला साखर देणं लागतेस.

तुझे सहा कागद आले. अण्णाने ते पलीकडे नेण्यासाठी उचलले, मग म्हणाला, काच आपल्याच दुकानातली देऊ, त्याची बुडबुड्यांची असते. एक काच काढली, पुसली आणि स्वच्छ आहे का बघायला तुझ्या एक नंबरच्या कागदावर ठेवली. काचेतूनच वाचू लागला. मोठ्याने. एक झाला, दुसरा घेतला. सहाव्याला आवाज थांबला. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही. मग त्याने विचारलं, की हिरकणी कुठे ठेवली आहे. म्हटलं, तूच ठेवलीस, मला काय विचारतोस?

मला खोलीतून बाहेर काढलं. दाराशी कान लावून उभी राहिले, या वयात. आधी कर्रकर्र, मग टक. एकदा, दोनदा. दर वेळी मी बोटं मोजली. सहा झाली, मी आत जाणार तर पुन्हा कर्रकर्र. सात! बाहेर आला तेव्हा मला म्हणाला, की इतका वेळ दाराशी उभं राहून पाय दुखले असतील, बस.

काचा माझ्या जुन्या रजईत गुंडाळून भाजीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिल्या आहेत. रजई परत हवी. खाली अण्णाने चार ओळी खरडल्या आहेत.

माया आहे तशीच आहे, साखर विसरू नकोस.

आत्या

लांबी ताजी मळ: खडूची पूड आणि जवसाचं तेल, कणकेसारखी. आधी खाचेत पातळ थर, मग काच. दाब कडेने द्यायचा, मधे बोट लावायचं नाही. सातवी काच चार नंबरचीच दुसरी आहे. तो चौकोन वाकडा आहे आणि तू घाई करशील. अ.


ता. २८ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार आज ताठ मानेने, उघड्या दारातून.

काचा धडधाकट पोचल्या. मी आणि मामांनी २५ तारखेला सकाळी लांबी मळायला घेतली. कोपरापर्यंत तेल झालं. एक, दोन आणि तीन नंबर असे बसले, जणू घरी परत आले. मला वाटलं, जमलं! आणि चार नंबरला मी मधे बोट लावलं. फक्त एकच बोट, अण्णा. बारीक आवाज झाला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ गेली. मामांनी रजईतून सातवी काढून पुढे केली. तुमची चिठ्ठी त्यांनी वाचलेली होती, मी नुसती पाहिलेली होती.

ती मात्र मामांनी आणि मी चार हातांनी कडेने दाबली. पाच, सहा. मग पट्ट्या, बारीक खिळे, आणि सहाही तावदानं जागेवर. एकही वाकडी नाही. मी मुद्दाम शोधलं.

काल सभेला सुतार फळ्या घेऊनच आला होता. अध्यक्षबाईंनी प्रत्येक काचेवर टिचकी मारून पाहिली आणि कुठल्या दुकानातून आणल्या ते विचारलं. मी तुमच्या दुकानाचं सांगितलं. मग त्यांनी सुताराला विचारलं, की आणलेल्या फळ्यांचं बागेत एक बाक होईल का. होतं म्हणे! सभा दार उघडं ठेवून झाली. दोन्ही पाखांना, वाऱ्याने आपटू नयेत म्हणून, आता मामांनी त्याच पाचरीतून केलेल्या अडण्या आहेत. पाचर अर्धी अर्धी कापताना त्यांनी तिला हात जोडले. म्हाताऱ्या वाचकांनी दाराजवळच्या जागेवरून भांडण पुन्हा सुरू केलं आहे. इतकं गोड भांडण मी कधी ऐकलं नव्हतं.

रजई आणि साखर ड्रायव्हरबरोबर पाठवत आहे. लोभ आता दारासारखा उघडा असू द्या, अडणी लावून.

तुमची,
बॅरिस्टर


ता. ४ मार्च

चि. बॅरिस्टर हिस,
अनेक आशीर्वाद. टपली यावेळी नाही.

रजई पोचली. साखर पोचली, आत्याने लपवली. मधे बोट लावलंस हे वाचून बरं वाटलं. माझ्या पहिल्या चारही तशाच गेल्या होत्या. कशा गेल्या ते तुला कधी सांगितलं नव्हतं, नाहीतर तू ऐकलं नसतंस.

आत्याने हिशेब लावला की सात वेळा टक झालं. तिच्या नकळत आणखी दोन काचा कापल्या आहेत. एक तुझ्या पदवीच्या मापाची. ती फ्रेम घरात, बाहेरच्या खोलीत लावली.

दुसरी तुझ्या सहा नंबरच्या कागदाच्या मापाची. ती दुकानात, टेबलाच्या वर लावली आहे. गिऱ्हाईक मान वाकडी करून वाचायला बघतात आणि विचारतात, हे कसलं प्रमाणपत्र. त्यांना सांगतो, घरातली पदवी मुलीची. ही माझी.

पुढचं पत्र मापाचं नको. हवं तेवढं लांब लिही, डोळ्यावर आता भरवसा आहे.

तुझे,
अण्णा