तक्रार नव्या सेटवरूनच कळवावी

३ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं, म्हणून पत्र. तुझ्या खात्याविरुद्ध एक अत्यंत गंभीर तक्रार आहे. आमच्या अग्निशमन चौकीतला जुना वायरलेस सेट चांगला पेटीएवढा आहे आणि मस्त तापतो; तो आता महिन्याभराचा सोबती. सव्वीस वर्षं मी त्याच्या डोक्यावर चहाचा कप ठेवत आलो. तुम्ही बसवलेला नवा सेट साबणाच्या वडीएवढा, आणि थंडगार. सुधारणेच्या या यज्ञात पहिली आहुती माझ्या चहाची पडणार, याची इतिहासात नोंद व्हावी.

दुसरी तक्रार किरकोळ आहे. नवा सेट बोलत नाही. मी बटण दाबतो, तो 'टुक' करतो आणि समाधी लावतो. तुमचा टॉवर डोंगरापलीकडे, आम्ही अलीकडे. तुमचं परिपत्रक म्हणतं की चाचणीच्या आठवड्यात अडचण आल्यास ती नव्या सेटवरूनच कंट्रोल रूमला कळवावी. फोन वा अर्ज चालणार नाही. हे लिहिणाऱ्याचे चरण मला धरायचे आहेत. बुडणाऱ्यानं आधी काठावर येऊन अर्ज करावा, त्यातलीच गत. तरी मी रोज सकाळी दहाला त्या सेटला निष्ठेनं ओरडून सांगतो की बाबा रे, तू बंद आहेस. चौकीतली मंडळी जप झाला का म्हणून विचारतात.

चिऊ मजेत. ॲम्ब्युलन्सवर नर्स म्हणून लागून तिला आता वर्ष होईल. आत्या पत्राला उत्तर देत नाही, अशी तिचीही तक्रार आहे. ती मात्र कागदावर घ्यावी.

लोभ आहे, त्यात घट नको.
तुझा दादा

१० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून ऑफिसात एकटीच हसले. कपाचं कलम निविदेत राहून गेलं खरं. वहिनीला म्हणावं, थर्मास घेऊन टाक.

सेटचं म्हणशील, तर एक्केचाळीस चौक्यांपैकी सहांच्या तक्रारी आल्या, त्या आम्ही दूर केल्या. तुमच्या नावापुढे 'अडचण नाही' असा शेरा आहे. तक्रार आली नाही की तो आपोआप पडतो. तुझं पत्र घेऊन मी साहेबांकडे गेले होते. ते म्हणाले की भावाच्या पत्रावरून जिल्ह्याची यंत्रणा थांबत नसते. एक एप्रिलला उद्घाटन आहे, त्याच दिवशी जुनी यंत्रणा बंद होईल. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर इंजिनिअर म्हणून माझी सही लागते. ती मी शुक्रवारी केली.

लगेच पेटू नकोस. वर्षभरात तुमच्या बाजूला एक छोटा टॉवर मिळवतेच. बीपीची गोळी वेळेवर घे. चिऊला सांग, आत्या आळशी आहे पण भाची लाडकी आहे.

तुझी माया अशीच असू दे.
तुझी धाकटी

२० मार्च

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि.

गोळी घेतली. काही उपयोग झाला नाही.

मंगळवारी दुपारी दगडखाणीत दरड घसरली आणि एका मजुराचा पाय अडकला. चिऊ आणि ड्रायव्हर खाली उतरले. खाणीत मोबाइल लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चिऊनं नव्या हँडसेटवरून नऊ वेळा क्रेन मागितली. मी चार किलोमीटरवर नव्या सेटपुढे कान लावून बसलेलो. एक अक्षर आलं नाही. शेवटी ड्रायव्हर धापा टाकत वर गाडीपाशी गेला, गाडीतल्या जुन्या सेटवर बोलला, आणि माझ्या जुन्या सेटनं ते खरखरत का होईना ऐकवलं. क्रेन गेली. मनुष्य वाचला. तोवर वीस मिनिटं वरून दगड सुटत होते आणि चिऊ त्याचा पाय धरून खाली बसली होती.

संध्याकाळी कंट्रोल रूमचा फोन आला. वाटलं, चौकशी असेल. त्यांना जुना सेट कधी जमा करता ते हवं होतं! मी खाणीचं सांगितलं. पलीकडचा गृहस्थ अतिशय गोडीनं म्हणाला की त्यांच्या नोंदीत आमचा एकही कॉल वाया गेलेला नाही. अगं, जो कॉल पोचलाच नाही त्याची नोंद कोण करणार, त्याचे आजोबा? 'मौनं संमतिलक्षणम्' आम्हीही पाठशाळेत घोकलं. पण ज्याचं तोंड बांधलंय त्याचं मौनसुद्धा संमतीत धरावं, एवढी विद्वत्ता आमच्या गुरुजींपाशीही नव्हती.

दाखला मागे घे. साहेब ओरडतील, ओरडू देत, निदान त्यांचा आवाज तरी पोचतो. नाहीतर तू स्वतः ये, खाणीत उतर आणि त्या हँडसेटवरून मला हाक मार. मी ओ दिली, तर चौकात उभा राहून तुझ्या खात्याची माफी मागेन.

एवढा आरडाओरडा केला, आता खरं सांगतो. चिऊची काळजी रोजचीच आहे, तिची सवय झाली. त्या कागदावर साहेबांची सही असती, तर मी त्यांना जन्मभर शिव्या घालून जगलो असतो. सही तुझी आहे. मंगळवारी पोर धुळीनं माखून दारात उभी राहिली, तेव्हा मला आधी तुझी सही आठवली. एक एप्रिलनंतर तिला काही झालं, तर मी तुला क्षमा करू शकेन असं मला वाटत नाही. मनातल्या मनात करून पाहिली, जमली नाही. त्याची मला फार भीती वाटते.

लोभ राहावा, तुझा आणि माझाही.
तुझा दादा