छतामागची पोकळी

आईस, मिसुझुचा वाकून नमस्कार.

इकडे डोंगर लाल झालेत. तू मुळे वाळत घातलेस का? गुडघा कसा आहे?

मी मजेत आहे. रडारचं यंत्र बोगद्याच्या छतावरून फिरवलं, की काँक्रीटमागे काय आहे ते पडद्यावर दिसतं. एवढंच काम.

पहिल्या दिवशी म्हातारे मुकादम कुरामोची आडवे आले. बोगद्यात बाई शिरली की डोंगरदेवीचा जळफळाट होतो, तू म्हणतेस तेच. शेवटी देवीपुढे साके दारूचा पेला ठेवून म्हणाले, "माय, हिला बाई समजू नकोस. डॉक्टरीण आहे, तुला तपासून जाईल."

काल छतामागे मोठी पोकळी दिसली. कुरामोचींनी पडदा पाहिला आणि आधी मला बाहेर काढलं. आता रस्ता बंद केलाय, काळजी नको.

आपल्या गावचा बोगदाही त्याच सुमाराचा, त्याच लोकांनी बांधलेला. मी वर कळवलंय, पण त्याची पाळी बर्फ वितळल्यावर येईल. तोवर बाबांना मासळीची गाडी समुद्राकडच्या रस्त्याने न्यायला सांग. लांब पडतं म्हणून कुरकुरतील. डोंगरदेवी रुसलीय म्हणून सांग. रडारचं सांगितलंस तर ऐकायचे नाहीत.

थंडीत जपा दोघं.

तुझी,
मिसुझु