चार बोटांचा पाय

प्रिय चिमणे,

रोज फोनवर बोलणाऱ्या आईला एकदम पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुला वाटेल. फोनवर तू ऐकतेस कमी आणि उत्तरं जास्त जुळवतेस. शिवाय तुझी कुठलीही थाप मला लगेच पटते. म्हणून लिहायला बसले. मधूनच उडी मारून शेवट बघू नकोस, नीट क्रमाने वाच.

आपल्या घरात चोर शिरतोय. घाबरू नकोस, काही गेलेलं नाही, आणि तेच मला खटकतंय. दुकानामागच्या खोलीत तुझ्या बाबांचा सर्फबोर्ड, त्यांची ती लाडकी फळी, भिंतीवरच्या खुंट्यांवर आडवी ठेवलेली असते. ते गेल्यापासून मी ती कोरड्या फडक्याने पुसते, बाकी तिला कुणाचा हात लागत नाही. मध्यंतरी एका रविवारी पुसायला घेतली तर फडकं ओलं झालं. आधी वाटलं छत गळतंय. पण छताचं पाणी खारट कसं असेल? हो, मी बोट लावून चाखून बघितलं. हस खुशाल. खाली फरशीवर वाळूही होती, कुणीतरी घाईघाईने झाडून कोपऱ्यात लोटलेली.

माझा पहिला संशय, सगळे ज्याला बगळा म्हणतात, त्याच्यावर गेला. तुझे बाबा जगज्जेते झाले तेव्हा अंतिम फेरीत दुसरा आलेला, त्याआधीही जन्मभर त्यांच्या मागे दुसराच येत राहिलेला हा माणूस आता सर्फिंग क्लबचा अध्यक्ष आहे. क्लबला फळी हवीय, मोठ्या दालनात काचेच्या कपाटात ठेवायला. मी द्यायला तयारही होते. पण अध्यक्षसाहेब स्वतः दर आठवड्याला दुकानात येतात, चांगल्या बुटाची टाच बदलून मागतात आणि हळूच म्हणतात, घाई काय आहे वहिनी, राहू दे अजून. क्लबला हवीय आणि अध्यक्षाला घाई नाही, हे काय गौडबंगाल? मला वाटलं, ज्या फळीने याला आयुष्यभर पाणी पाजलं ती हा गुपचूप समुद्रात नेऊन बघतोय, तिच्यात असं काय होतं ते. मी त्याला चहा विचारणं बंद केलं.

मग पावलं दिसली. पाय घसरू नये म्हणून फळीवर मेण घासतात, आणि उभं राहिलं की त्यात पाय उमटतो. बहुतेक जण डावा पाय पुढे टाकून उभे राहतात. तुझे बाबा उजवा टाकायचे, त्यामुळे त्यांच्या टाचा फळीच्या उजव्या कडेला यायच्या. सगळा किनारा त्यांना उलटा म्हणायचा. बक्षीस द्यायला बोलावतानासुद्धा भोंग्यावरून उलटा असाच पुकारा व्हायचा, आणि ते खुशीत जायचे. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेही अनवाणीच. अनवाणी माणूस बुटांच्या दुकानात उगाच घुटमळतोय म्हणजे त्याला बूट नकोत, एवढं मला तेव्हाही कळलं होतं.

तर मेण ताजं होतं आणि त्यात पावलं होती. खरं सांगते, आधी मनात आलं की तेच येऊन गेले. भुतांचे पाय उलटे असतात म्हणतात, आणि यांचे तर जिवंतपणीच उलटे होते. मी स्टूल ओढून बसले आणि त्यांना चांगलं फैलावर घेतलं, की एवढं आलातच तर स्वयंपाकघरात डोकावून जायला काय झालं होतं. मग चष्मा लावला. टाचा डाव्या कडेला होत्या. पाय सुलटे होते. चोर जिवंत माणूस निघाला म्हणून मी त्या दिवशी फार रडले.

बगळाही सुलट्या पायाचा. मी कुलूप बदललं आणि नवी किल्ली स्वयंपाकघरात खुंटीला टांगली. आठवड्याने स्वारी आली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “मागचं कुलूप नवीन घेतलंत का, वहिनी?” ते दार अंगणात उघडतं, दुकानातून दिसत नाही. मी हातातली हातोडी खाली ठेवली. एवढा म्हातारा माणूस, पण लालबुंद झाला आणि एक बूट काउंटरवर विसरून पळाला. मी तो बूट उचलून थेट फळीजवळ नेला. बूट होडीएवढा, आणि मेणातलं पाऊल त्याच्या निम्मं. एवढ्यावर माझा खटला बारगळला.

त्यानंतरही फळी ओली झाली. कुलूप शाबूत, किल्ली खुंटीला. म्हणजे चोर घरचा. जिथे पोचायचं नसतं तिथे मी फार सावकाश चालते, चिमणे. फळी ज्या ज्या रविवारी ओली सापडली, त्या प्रत्येक वेळी तू आदल्या दिवशी घरी आलेली होतीस. मी पुन्हा वाकून पुढचा, डावा पाय बघितला. त्याला चारच बोटं होती. तुझी डाव्या पायाची करंगळी जन्मापासून जमिनीला टेकत नाही. लहानपणी तू न्हाणीतून ओल्या पायांनी पळायचीस तेव्हा बाबा आल्यागेल्याला तो ठसा दाखवायचे आणि म्हणायचे, “बघा, पोरीने एक बोट शिल्लक ठेवलंय.”

मी बगळ्याला बोलावलं, बूट दिला, चहाही दिला. त्याने सगळं कबूल केलं. तू स्वतः त्याच्याकडे गेलीस, नव्या कुलपाचंही तूच सांगितलंस, तो तुझ्याबरोबर पाण्यात उतरतो, आणि फळी कपाटात जाऊ नये म्हणून क्लबला टोलवत राहतो. निघताना दारात थांबून म्हणाला, “ती पडली की हसते. तोही असाच हसायचा.” मला त्याच्यावर चिडायचं होतं, ते जमलं नाही.

आता पत्राचं कारण. त्या शेवटच्या दिवशी बाबा समुद्रात एकटे गेले, आणि घोट्याचा पट्टा उसवलेली फळी तेवढी काठाला लागली. त्यानंतर मी तुला माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली, की समुद्रात पाय घालणार नाहीस. तो पट्टा मी पुढे नुसता जपायचा म्हणून शिवून ठेवला होता. फळी सुटून जाऊ नये म्हणून तिची दोरी पट्ट्याने मागच्या पायाला बांधतात, बाबांचा मागचा पाय डावा, म्हणून पट्टा डाव्या घोट्याच्या बेताचा. तू तोच पिळून उजव्या घोट्याला बांधतेस. काल बघितलं, शिवण एका बाजूने सुटत आलीय. मी तो कापून टाकलाय. बगळ्याच्या कुठल्याही फळीवरसुद्धा घरी येण्याआधी जाऊ नकोस. शपथ मी मागे घेतेय. क्लबला नाही म्हणून कळवलंय. येशील तेव्हा खुंटीवरची किल्ली चोरून काढू नकोस, मला उठव. ते गेल्यापासून मी समुद्राकडे फिरकले नाही, आता काठावर बसेन. भीती वाटेलच, ती माझी मी बघेन. दुकानाच्या मशीनवर दुहेरी दोऱ्याने नवीन पट्टा शिवलाय, तो मात्र मीच बांधणार. उजव्या घोट्याचा आहे.

तुझीच, अजूनही थोडी रागावलेली,
आई