डाव्या अंगठ्यावरचा डाग

मी, अंजना जगदेव गावंडे, वय ८२, निवृत्त शिक्षिका, राहणार कामरगाव, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, सकाळचा चहा झाल्यावर, चष्मा पुसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तरी मी तो चालू दिला नसता, हे गावाला ठाऊक आहे. येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई.

१. नोकरीत असताना मी बांधलेले दोन खोल्यांचे घर, भांडी व दिवाणासह, माझा भाऊ भागवत याची सून राखी किशन गावंडे हिला द्यावे. सहा वर्षे ती माझे करते आहे आणि एकदाही तोंड वाकडे केलेले नाही. लग्नानंतर तीन वर्षांत मी माहेरी का परत आले, ते या कागदात येणार नाही. ज्यांना कळायचे त्यांना तेव्हाच कळले.

२. माझी पुस्तके गावातल्या शाळेला द्यावीत. कपाटात कोंडून ठेवायची असतील तर देऊ नयेत.

३. वडिलांचा पितळी चौकटीचा आरसा भागवतला द्यावा. वडील, जगदेवराव, सकाळी औत हाकत आणि बैलांना राणीची पदे म्हणून दाखवीत. कापूस घरी आला की ते कारंज्याच्या आनंदविलास नाटक मंडळीत स्त्रीपार्ट करायला जात. याच आरशासमोर ते दोनदा दाढी करीत, मग रंग लावीत. मी काजळाची डबी धरून उभी असे. इतके सुखाचे दिवस मला पुढे आले नाहीत. भागवतला मात्र त्याची जन्मभर लाज वाटली. वडील गेल्यावर त्याने त्यांचे राणीच्या वेषातले तैलचित्र भिंतीवरून काढून कणगीमागे टाकले. मला म्हणाला, “लोक हासून राह्यले बाई! बापाच्या अंगावर लुगडं, अन् तू टांगून ठेवतं काहून?” मी त्याला माफ केले आहे. त्याने रोज या आरशात पाहावे. तोंड बापाचेच आहे.

४. आता ते चित्र. वडिलांनी ते हयातीतच मला लिहून दिले. तो कागद ट्रंकेत आहे. सध्या चित्र मुंबईच्या एका लिलावगृहात असून पुढच्या महिन्यात बोलीला निघायचे आहे. भागवतच्या किशनने मला विचारूनच ते पाठवले. “आत्या, कणगीमागं पडून राह्यल्यापेक्षा लोकाइनं पाह्यलेलं बरं,” असे तो म्हणाला, आणि मी पाठवू दिले. माझ्यानंतर ते पुन्हा कणगीमागेच जाईल, ही भीती होतीच.

लिलावगृहाच्या यादीत छापायचा मजकूर राखीने तिच्या फोनमधून वाचून दाखवला. “स्त्रीवेषातील अनामिक नट. नटाचे नाजूक हात हे चित्राचे वैशिष्ट्य.” मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वडिलांच्या हाताचा एक धपाटा बसला की बैलसुद्धा वळत.

खरे असे आहे. १९५२ साली मंडळीचे पडदे रंगवणारे पेंटर गुलाबसिंग हे चित्र काढायला आमच्या घरी उतरले होते. चेहरा झाला आणि ते अडले. “जगदेवराव, चेहरा रानीचा हाय, पन हात नांगराचे. कसं करू?” वडिलांनी आईला हाक मारली. माझी आई गोजराबाई भाकरी टाकून आली. “मी नाही बसत जी परक्या मानसापुढं,” म्हणाली. वडील म्हणाले, “तोंडावर पदर घे. त्याले हातच पायजेत.”

तीन दुपारी आई पदराआड बसली, डाव्या तळहातावर विडा ठेवून. मी नऊ वर्षांची, शेजारी. तिच्या डाव्या अंगठ्यावर तव्याने भाजल्याची तिरपी रेघ होती. गुलाबसिंगांनी विचारले, “बाई, हा डाग ठेवू का काढू?” पदराआडून आई म्हणाली, “ठेवा. हात माहे हायत, हे कोनाले त समजन.”

आई मी पंधरा वर्षांची असताना गेली. तिचा फोटो नाही. वडिलांचे एकही नाटक तिने पाहिले नाही; आमच्या घरच्या बायका मांडवात जात नसत. तिचा चेहरा आता मलाही नीट आठवत नाही. हात आठवतात.

परवा लिलावगृहातून फोन आला. अंगठ्याजवळ रंग खराब झाला आहे, तेवढा दुरुस्त करून घेऊ, म्हणाले. म्हणून अटी लिहिते, आणि त्या पाळण्याची जबाबदारी किशनवर टाकते.

अ) त्या डागाला कोणी हात लावू नये. पुरावा हवा असेल तर इंझोरीच्या शेताचे जुने खरेदीखत दाखवावे. शेत आईच्या नावे घेतले होते. तिने दिलेल्या अंगठ्याच्या निळ्या ठशात तीच तिरपी रेघ कोरी आहे.

आ) चित्राखाली असे लिहावे: चेहरा, जगदेवराव गावंडे. हात, गोजराबाई गावंडे.

इ) हे मान्य असेल तर चित्र खुशाल विकावे. आई कधी मांडवात गेली नाही, तिचे हात तरी चार लोकांत जाऊ द्या. येईल ते किशन आणि राखीने निम्मे निम्मे घ्यावे. मान्य नसेल तर चित्र परत आणून राखीच्या घरात, उजेडाच्या भिंतीवर लावावे.

५. खरेदीखत राखीकडे राहील. ते कोणत्याही परिस्थितीत विकायचे नाही.

नोकरीत मी अंगठा देणाऱ्या कितीतरी बायांना सही शिकवली. आईला शिकवायचे राहून गेले. म्हणून आज माझ्या सहीशेजारी मी डावा अंगठाही देत आहे. साक्षीदारांनी त्याला हरकत घेऊ नये.

स्थळ: कामरगाव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. पंजाबराव ढोके, निवृत्त पोस्टमन (सही)
२. संगीता हरीओम काळे, शिक्षिका (सही)

लिहून देणार:
अंजना जगदेव गावंडे (सही)
निशाणी डावा अंगठा, गोजराबाईच्या मुलीचा