मेला म्हणायचं की गेला

१२ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. काल ताईने तुझा तो बंदुकांच्या व्हिडिओ गेमचा सामना मोबाइलवर लावला. मनगट दुखावल्यापासून तू स्वतः खेळत नाहीस, दुसऱ्यांचा खेळ माइकवर सांगतोस, एवढं मला कळलं. पण प्रत्येक गोळीला "मेला, मेला" म्हणून काय ओरडतोस? खालच्या शिंपीणबाई हातातली कात्री तशीच घेऊन वर आल्या, काय झालं विचारायला. त्यांना काय सांगू, माझा मुलगा पगार घेऊन मेलेली माणसं मोजतो? तुझे बाबा नाहीत त्याला वर्षही झालं नाही. तो शब्द या घरात नको.

मनगट शेकतोस ना?

तुझी आई

१९ मार्च

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

अगं आई, तो खेळ आहे. मेलेला पुढच्या फेरीत कपडे झटकून उभा राहतो. तरी तुझं ऐकलं. परवाच्या सामन्यात सगळीकडे "मेला"च्या जागी "गेला" म्हटलं. दर वेळी क्षणभर अडखळलो. साहेब म्हणाले, पुढच्या रविवारचा अंतिम सामनाही असाच सांगितलास तर तो तुझा शेवटचा. हाताचे डॉक्टर खेळू देत नाहीत. हे बोलणंही सुटलं तर मी करू काय? "बाद" म्हटलं की शाळेतल्या पीटीच्या सरांसारखं वाटतं. दुसरा शब्द सुचव, पण लवकर. शेकतोय. लोभाचं तूच बघ.

तुझा धाकटा

२३ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

डोकं आहे की खोकं? दवाखान्याच्या दारात मला "गेले" असंच सांगितलं होतं. तू नेमका तोच शब्द शोधून काढलास. "मेला" ऐकून मी आवाज बंद केला होता, "गेला" ऐकून जिन्यात जाऊन बसले. ताई म्हणाली, तुम्हा दोघांपुढे हात टेकले.

मग बाबांचा जाडा शब्दकोश काढला. या एका गोष्टीला त्यात ढीगभर शब्द आहेत आणि एकही बरा नाही. शेवटी आवाज लावून सामना पुन्हा पाहिला. लाल टोपीवाला पडला. मी वाट पाहत राहिले. पुढच्या फेरीत तो खरंच उठला, आणि तू तेव्हा भलतंच काहीतरी बडबडत होतास.

रविवारी "मेला" म्हण, न अडखळता. शिंपीणबाईंना सांगून ठेवलंय. फक्त कोणी उठला, की तेही तितक्याच मोठ्याने सांगत जा. मी तेवढ्यासाठीच बसणार आहे.

लोभ आहेच, तो विचारायचा नसतो.

तुझी आई