अन्नपूर्णेची नथ

आई, काल तुझी अन्नपूर्णा दिसली. नातीला मी कधीतरी तुझ्या चित्राबद्दल सांगितलं होतं. तिनं ते लक्षात ठेवलं आणि मोबाइल माझ्या नाकाला टेकवत म्हणाली, "आजी, ये देख, तुझी अन्नपूर्णा! एकदम रेअर है, लिखा है." त्याच छाप्याची दुसरी प्रत, जुन्या छापील चित्रांच्या शौकिनांसाठी कुणीतरी विकायला काढलीय. तीच हिरवी किनार, तीच पळी, समोर भिक्षापात्र धरून उभा तोच शंकर. पण देवीच्या अंगावर तू चिकटवलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे आधी मी ओळखलंच नाही. मग तिचे डोळे पाहिले आणि ओळख पटली.

नागपूरची राजधानी उठली आणि बाबांची कचेरी फायलींसकट भोपाळला आली, तेव्हा मी नववीत होते. नव्या क्वार्टरच्या भिंतींचा चुना अजून हाताला लागत होता. ट्रंका उघडायच्या आधी तू स्वयंपाकघरात खिळा ठोकून घेतलास आणि आजीनं लग्नात दिलेली अन्नपूर्णा टांगलीस. दर दिवाळीला तू तिची काच उतरवायचीस आणि कणकेच्या खळीनं काहीतरी नवं डकवायचीस. जुन्या शालूची जर, टिकल्या, बारीक मोत्यांची ही मोठी नथ. शंकरालासुद्धा तू जरीकाठी पंचा नेसवला होतास. बाबा म्हणायचे, "एवढा थाट असल्यावर हा भीक कशाला मागतोय?" तू हसायचीस आणि आणखी एक टिकली लावायचीस.

इथली शाळा हिंदी होती. पहिल्याच परीक्षेत मी इतिहासाचा पेपर अर्धा मराठीत लिहून आले आणि बाईंनी तो तसाच लाल रेघ मारून परत दिला. तू तो कितीतरी वेळ हातात धरून बसली होतीस. तुला स्वतःला चौथीतून काढलं होतं, आणि मी मास्तरीण व्हावं हे तू मी पाळण्यात असतानाच ठरवलं होतंस. मला मॅट्रिकपर्यंत नागपूरच्या वसतिगृहात ठेवायचं, असं तू जाहीर केलंस. बाबा म्हणाले, दोन चुली कशा पेटवायच्या? दुसऱ्या दिवशी तू अन्नपूर्णा विकायला म्हणून खाली उतरवलीस.

बाबांच्या कचेरीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं जुन्या शहरातले एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांना अशा चित्रांचा नाद होता. ओसरीत बसून त्यांनी चष्मा पुसला आणि चित्र उन्हाकडे धरलं. "बीबी, यह पत्थर का छापा है. ऐसा दूसरा मैंने देखा नहीं," ते तुला म्हणाले. मग जरा संकोचून, "बस, ये मोती-ज़री हटवा दीजिए. चेहरा साबुत निकला तो मैं ज़रूर ले जाऊँगा." शिळाछाप म्हणतात त्याला, हे तुला त्या दिवशी कळलं. तुझ्या लेखी ती फक्त माहेरची देवी होती. तू मान हलवलीस आणि पदर डोक्यावर ओढून घेतलास.

दुसऱ्या दुपारी आपण दोघी चित्र घेऊन बसलो. ओल्या कापसाचे बोळे तू एकेका मोत्यावर ठेवत होतीस. कडेची जर सुटली, शंकराचा पंचा सुटला. नथीवर बोळा ठेवलास तेवढ्यात नळाला पाणी आल्याची हाक आली. कळशी उचलताना तू म्हणालीस, "ओल मुरली की आपसूक सुटेल हं. ओढू नकोस, बाई." तू परत आलीस तेव्हा नथ माझ्या हातात होती आणि तिच्यासोबत देवीचं नाक, ओठ, अर्धा गाल निघून आला होता. खाली नुसता पांढरा कागद. मी मोठ्यानं रडत होते. तू कळशी खाली ठेवलीस आणि आधी माझेच डोळे पुसलेस.

संध्याकाळी बाबा तुझ्यावर कडाडले, "नडली ना शेवटी तुझी हौस!" तू म्हणालीस, "हो, मलाच अवदसा आठवली देवीला नटवायची." मी दारामागे उभी होते. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर झालं असतं, पण पाय उचललाच नाही. ते गृहस्थ पुन्हा आले, चित्र पाहून हळहळले आणि हात जोडून गेले. मी दहावीत दोनदा आपटले आणि मग माझं लग्नच झालं. तू पुन्हा कशाला टिकली चिकटवली नाहीस. रांगोळीतसुद्धा रंग भरला नाहीस.

शेवटच्या दुखण्यातही तू म्हणालीस, "माझ्या हौसेपायी तुझी शाळा गेली गं." मी तुझे पाय चेपत राहिले. एक वाक्य होतं, तेवढं ओठांबाहेर पडेना. आता लिहिलंय खरं, पण धाडू कुठे? नात विचारते, "किसको लिख रही है, आजी?" आणि मी कागद उशीखाली सारते. आई, खळ अजून पक्की होती. बोटांना ते कळत होतं. मला तुला सोडून नागपूरला जायचं नव्हतं, म्हणून मी नथ ओढली.