फाळक्याजवळची जागा

सोमवार, ४
आलो एकदाचा! खोली झकास. खिडकी उत्तरेची आणि मोरी इतकी काळोखी की रोल धुवायला वेगळी डार्करूम नको. फोटोग्राफी मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, रोल वाया घालवून शिकलो. विषय एवढाच : कामावर निघालेले खाणमजूर. पण असे टिपीन की बघणाऱ्याच्या पायाला खडी टोचेल. अक्काला फोन केला. तिचं पालुपद तेच : माणसांचे फोटो काढतोस, माणसांत बसणार कधी? घरी ये, गरम जेव. म्हटलं, काम संपलं की येतोच.

बुधवार, ६
खाणीचा ट्रक सकाळी चौकात भरतो. माणसं अशी कोंबलेली की एकाच्या डब्याची कडी दुसऱ्याच्या बरगडीत. तरी मागे, चढायला उघडतात त्या फाळक्याजवळ एका माणसापुरती जागा रिकामी! म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारलं. ती दरडीखाली गेलेल्या गड्याची, म्हणाला. गडी सापडलाच नाही. जागा रोज राखून नेतात, राखून आणतात. तिथे दुसरा कुणी उभा राहिला, तर गडी सुटेल आणि त्या माणसाच्या घरी जाऊन जेवेल, म्हणे. मी हसलो. तो हसला नाही. साहेब, तुम्ही आपले बाहेरूनच काढा, म्हणाला.

शुक्रवार, ८
ती रिकामी जागा फ्रेममध्ये पडलेल्या दातासारखी खुपते. त्यात कुणी बोलत नाही. मी चहाला गेलो की बाकावरच्या गप्पाच विझतात. खोलीत स्वतःशीच मोठ्याने बोललो. आवाज घोगरा झालाय.

शनिवार, ९
चढलो. त्याच जागेवरून चेहरे टिपले. आधी सगळ्यांनी माझ्या पायांखालच्या जागेकडे पाहिलं. मग एकाने सरकून खांदा टेकू दिला, दुसऱ्याने डबा पुढे केला. एक मिशाळ म्हणाला, किती वाट बघायला लावलीस रे, गड्या! ट्रकभर हशा. साहेबावरून थेट अरेतुरे! रागवायला हवं होतं. पण खरं लिहायचं तर फार बरं वाटलं.

सोमवार, ११
आज खालूनच काढले. रस्त्यावर उभं राहून. रोल धुतला. फाळक्याजवळ एक माणूस आहे, पाठमोरा. माझा निळा स्वेटर, कोपरावर अक्काने रफू केलेला. टक्कलही माझंच. मग कॅमेरा कुणाच्या हातात होता?

मंगळवार, १२
घरमालकीणबाईंनी दारातच अडवलं. फोटोवाले काका सकाळीच सामान घेऊन गेले, तू खाणीवरचा ना, इथे काय काम? खोली खरंच रिकामी. कॅमेरा नाही. वही तेवढी खिशात. तळहातांना घट्टे पडलेत. मला घट्टे कधी –

बुधवार, १३
अक्काला फोन. ओळखलं नाही. म्हणाली, भाऊ ना? आलाय की कालच, समोर जेवतोय. पुन्हा वाढ म्हणतोय. कॅमेऱ्याला हात लावत नाही, नुसता बोलत बसतो. इतकी खूश मी तिला कधी – ओरडलो, अक्के, मीच तो! तिने विचारलं, मी म्हणजे कोण? नाव सांगायला तोंड उघडलं आणि –

गुरुवार
चौकातल्या बाकावर पडून होतो. ट्रक आला. ड्रायव्हरला म्हटलं, मी फोटोवाला. मान खाली घालून पुटपुटला, सांगितलं होतं ना, साहेब. साहेब म्हणाला! त्याला ठाऊक आहे! पण –
मजुरांनी मला उचलून त्या जागेवर ठेवलं. मायेने. फाळका लावला.

खाण. बाकीचे उतरले. मला उतरू देत नाहीत. ट्रक दरडीकडे –

अंधार. अक्षर दिसत नाही. छातीवर दगड. अक्काला कुणीतरी सांगा, त्याच्या कोपरावर रफू आहे का बघ म्हणावं, तू रफू केलेला स्वेटर अजून माझ्याच –